नव्वदीतल्या माणसांना दत्तक आणि पालकत्व समजावून सांगताना

नात्यातलं मूल दत्तक घ्यायचं किंवा त्याचं पालकत्व कोर्टातून घ्यायचं ठरलं, की घरात वकील, फी, तारखा, दाखले यांवर बोलणी सुरू होतात. घरातलं सगळ्यात मोठं माणूस, ज्याच्या नातवाचं किंवा पणतीचं हे सगळं चाललेलं असतं, ते मात्र कॉटवर बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहतं. ‘त्यांना आता या वयात काय कळणार’ असं म्हणून आपण मोकळे होतो. माझं ठाम मत आहे की त्यांना कळतं. दत्तक म्हणजे काय हे त्यांनी आपल्यापेक्षा जवळून पाहिलेलं असतं. पण त्यांनी पाहिलेलं दत्तक १९५६ च्या आधीच्या रीतीतलं, आणि आपण बोलतो ते त्यानंतरच्या कायद्याचं. हे एकदा लक्षात आलं की पुढचं बोलणं कुठून सुरू करायचं ते उमगतं.

आमच्या घरचं आधी सांगते. २०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझा धाकटा भाऊ आणि वहिनी दोघंही गेले. त्यांची मुलगी तेव्हा तीन वर्षांची. ती कोल्हापूरला माझ्याकडे आली. माझे वडील आधीच गेलेले, आई आजारी. माहेरी, तासगाव तालुक्यात, माझ्या वडिलांची आई आहे, वय ९२. सासरी, माझ्याच घरात, सासूबाई आहेत, वय ८४. जिल्हा न्यायालयाने मला आणि माझ्या नवऱ्याला मुलीचे पालक नेमलं, आणि आता दत्तकाच्या परवानगीचा अर्ज चालू आहे. आजी आणि सासूबाई, दोघींनाही हे सगळं नीट कळावं असा माझा आग्रह होता. दोघींचे प्रश्न वेगळे आणि दोघींची भीती एकमेकींच्या अगदी उलट.

आधी त्यांच्याकडून ऐका

समजावायला बसताना कायद्यापासून सुरुवात करू नका. विचारा, ‘तुमच्या वेळेला गावात कुणी दत्तक आलं-गेलं होतं का?’ आणि मग गप्प बसून ऐका. नव्वदीतल्या माणसाकडे असा एक तरी किस्सा असतोच, आणि त्यांची सगळी भीती त्या किश्शातच असते.

आमच्या आजीने सांगितला तो असा : वरच्या आळीतला एक घरधनी पोरबाळ नसताना गेला. जमीन भावकीने कसायला घेतली. काही वर्षांनी त्याच्या बायकोने भावकीतलाच एक मुलगा मांडीवर घेतला, आणि तो सगळी जमीन परत मागायला उभा राहिला. मग कोर्टकचेऱ्या, बांधावरची भांडणं, दोन घरांचं पाणी तुटलं ते तुटलंच. ‘दत्तक आलं की घर फुटतंय,’ हे आजीचं तात्पर्य.

ही आजीची समजूत चुकीची नाही. जुन्या हिंदू कायद्यात विधवेने घेतलेला दत्तक मुलगा नवऱ्याच्या मरणाच्या दिवसापासूनच मुलगा धरला जायचा. त्यामुळे मधल्या काळात ज्यांच्याकडे जमीन गेली त्यांच्या हातातून ती निघू शकायची. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने हे बंद केलं. आता दत्तक घेतलं त्या तारखेपासूनच मूल त्या घरचं, आणि त्याआधी जे ज्याच्या नावावर कायम झालेलं आहे ते दत्तक मुलामुळे काढून घेता येत नाही. हे मी आजीला तिच्याच किश्शातली माणसं घेऊन सांगितलं. ‘आज तसं झालं असतं तर त्या भावकीची जमीन गेली नसती,’ म्हटल्यावर ती बराच वेळ विचार करत होती. मग म्हणाली, ‘ह्यो कायदा आधी का न्हाई झाला?’

जुन्या माणसांच्या मनात आणखी काही गोष्टी पक्क्या बसलेल्या असतात. दत्तक मुलगाच घ्यायचा, मुलगी नाही. दत्तक घ्यायचं ते वंशासाठी, पिंडासाठी, वतनासाठी. एकुलता एक मुलगा द्यायचा नाही. काही समाजांत बहिणीचा किंवा मुलीचा मुलगा चालत नसे. ही सगळी त्यांच्या लहानपणीची खरीच रीत होती. १९५६ नंतर मुलगीही दत्तक घेता येते, आणि बहिणीचं, भावाचं, मुलीचं, कुणाचंही मूल चालतं. आमची आजी १९५६ साली दोन लेकरांची आई होती. कायदा बदलला तेव्हा शेतात आणि चुलीपाशी राबणाऱ्या बाईला तो कोण सांगायला येणार होतं? म्हणून ‘आजी, तुला माहीत नाही’ असं म्हणू नका. ‘तू सांगतीस तसंच होतं, नंतर बदललं,’ असं म्हणा. एवढ्या फरकाने त्यांचं ऐकून घेण्याचं मन होतं.

कोल्हापुरात असल्याचा मला एक फायदा झाला. सासूबाईंना ‘दत्तक’ म्हटलं की परकेपणा वाटायचा. मग मी शाहू महाराजांचा विषय काढला. महाराज मूळचे कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. १७ मार्च १८८४ ला त्यांना छत्रपतींच्या गादीवर दत्तक घेतलं, तेव्हा ते दहा वर्षांचेही नव्हते. बडोद्याचे सयाजीराव तसेच : नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव, गायकवाडांच्याच दूरच्या शाखेतले, १८७५ साली जमनाबाईंनी दत्तक घेतलेले. सासूबाई म्हणाल्या, ‘म्हणजे आपल्या नात्यागोत्यातलंच पोर घ्यायची रीत पहिल्यापासून आहे म्हणा की.’ आहेच. पण इथे थांबू नका. राजघराण्यांनी गादीला वारस हवा म्हणून दत्तक घेतलं. आपण घेतोय ते पोरीला आईबाप हवेत म्हणून. आजचं न्यायालयही पहिल्यांदा मुलाचं हित बघतं, घराण्याची सोय नंतर. हे वाक्य मी दोघींना वेगवेगळ्या वेळी, पण त्याच शब्दांत सांगितलं.

पालकत्व : सातबारा काढून दाखवा

दत्तक आणि पालकत्व एकाच बैठकीत सांगू नका. आधी पालकत्व सांगा, ते पचू द्या, मग काही दिवसांनी दत्तक.

शेतीवाडीच्या घरात पालकत्व समजावायला सातबाऱ्याइतकं चांगलं साधन नाही. जुन्या सातबाऱ्यावर अज्ञान, म्हणजे वयाने लहान, वारसाच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि पुढे आईचं, चुलत्याचं नाव. भाऊ गेल्यावर त्याच्या हिश्श्याला वारस म्हणून माझ्या आईचं आणि पोरीचं नाव लागलं. तो उतारा मी मोठा करून छापून आणला आणि आजीसमोर ठेवला. आजीला वाचता येतं, पण सावकाश, बोट ठेवून. तिचं नख एकेका ओळीवरून सरकत पोरीच्या नावापाशी आलं, तिथून ‘अ. पा. क.’ वर, आणि तिथेच थांबलं. ‘ह्ये माझ्या मालकास्नी पण हुतं,’ ती म्हणाली. आजोबांचे वडील लवकर गेले होते, आणि आजोबा कळते होईपर्यंत त्यांच्या आईचं नाव असंच लागलेलं होतं. त्यानंतर ‘पालक म्हणजे कोण’ हे मला तिला वेगळं सांगावं लागलं नाही. तिने एकच विचारलं, ‘म्हंजे जमीन तुझी न्हाई झाली?’ मी म्हटलं, ‘नाही. पोरीचीच. देवळाचा पंच देवाचा पैसा सांभाळतो, हिशेब देतो, पण पैसा देवाचाच असतो ना, तसं.’

इथे एक खबरदारी. सातबाऱ्यावरची ही नोंद वेगळी आणि कोर्टाने पालक नेमणं वेगळं. घरच्यांना, विशेषतः आज्या-पणज्यांना, वाटतं की ‘मी पणजी आहे, मीच पालक, कोर्ट कशाला?’ प्रेमाने सांभाळायला कोर्ट लागत नाही. पोरीला जेवू घालायला, न्हाऊ घालायला, शाळेत पोचवायला कुणाची परवानगी नको. पण आईबाप नसलेल्या मुलाच्या जमिनीचा, पैशाचा व्यवहार फक्त नात्याच्या जोरावर करता येत नाही. १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्याने हे साफ मना केलंय. त्यासाठी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाने माणूस नेमावा लागतो.

आजीला पटतील अशा चार गोष्टी त्या कायद्यात आहेत, आणि त्या मी आवर्जून सांगितल्या. नेमणूक करताना न्यायालय नातं किती जवळचं, माणूस कसा, मूल समजतं असेल तर मुलाचं म्हणणं काय, हे सगळं बघतं. गेलेल्या आईबापांची काही इच्छा असेल तर तीही बघतं. नेमलेल्या पालकाला न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाची जमीन विकता, गहाण टाकता, बक्षीस देता येत नाही. पाच वर्षांवर भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. न्यायालय हिशेब मागू शकतं. या शेवटच्या दोन गोष्टींनी आजीचा जीव खरा निवांत झाला. माझ्यावर तिचा विश्वास होता, पण माझ्या माघारी काय, हा प्रश्न तिला होता. बाई म्हणून तिने आयुष्यभर सह्यांवर जमिनी जाताना बघितल्यात.

वयाचाही घोळ होतो. सासूबाई सारख्या म्हणायच्या, ‘एकवीस वर्षांपर्यंत बघायचं म्हणजे…’ त्यांचंही बरोबर होतं. कोर्टाने पालक नेमलेल्या मुलाला पूर्वी एकवीस पूर्ण झाल्याशिवाय सज्ञान धरत नसत. १९९९ मध्ये ते बदललं. आता सगळ्यांनाच अठरा.

दत्तक : दोन घरांची दोन भीती

पालकत्व आणि दत्तक यांतला फरक मोठ्या माणसांना सांगायचा तर एकाच बाजूने सांगावा : संपतं कधी? पालकत्व मूल अठरा वर्षांचं झालं की संपतं, आणि मधल्या काळातही न्यायालय पालक बदलू शकतं. मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव तसंच राहतं. दत्तक संपत नाही. कायदेशीर झालेलं दत्तक कुणालाही रद्द करता येत नाही, घेणाऱ्याला नाही, देणाऱ्याला नाही, आणि दत्तक गेलेल्या मुलालाही परत जुन्या घरी जाता येत नाही. सासूबाईंनी विचारलं होतं, ‘पुढं पटलं नाही तर?’ याचं उत्तर गुळमुळीत देऊ नका. ‘परत फिरता येत नाही, म्हणूनच आत्ता सगळं विचारून घ्या,’ असं सरळ सांगा.

आता भीतीचं. माहेरच्या आजीला वाटत होतं की पोर आपली जाणार. ‘तू तिला सासरचं नाव लावणार, मग माझ्या नातवाचं मागं काय ऱ्हायलं?’ हे तिने विचारलं तेव्हा माझ्याही डोळ्यात पाणी आलं, कारण तो नातू माझा भाऊ होता. अशा वेळी खोटी समजूत घालू नये. दत्तक झालं की कागदावर आईबाप म्हणून आमची नावं येणार, हे खरं आहे आणि मी ते तसंच सांगितलं. मग जे राहतं तेही सांगितलं. दत्तकाच्या आधी पोरीच्या नावावर जे आलंय, म्हणजे तिच्या बापाच्या हिश्श्यातली जमीन, ती तिच्याबरोबरच राहते. नवीन घरी गेली म्हणून वाटा बुडत नाही. जन्माच्या घरातल्या ज्या नात्यांत तिचं लग्न होऊ शकत नव्हतं, तिथे दत्तकानंतरही होऊ शकत नाही. म्हणजे रक्ताचं नातं कायदाही विसरत नाही. आणि घरात काय राहणार ते आमच्या हातात आहे : भाऊ-वहिनीचा फोटो हॉलमध्ये आहे, तिथून हलणार नाही. पोर त्यांना आईबाबा म्हणते, मला आत्या म्हणते. दत्तकानंतर काय म्हणायचं ते तिने ठरवायचं.

सासूबाईंची भीती उलटी. त्या कधी उघड बोलल्या नाहीत, पण एकदा जेवताना माझ्या मुलाच्या ताटाकडे बघून म्हणाल्या, ‘ह्याच्यातलं अर्धं आता.’ ही गोष्ट टाळू नका. टाळली की ती सणासुदीला, आजारपणात, नको तिथे बाहेर येते. मी त्यांना नवऱ्याच्या समोर बसवून सांगितलं : हो आई, दत्तक झाल्यावर ती या घरात पोटच्या मुलीसारखीच, हक्कही तसाच. आमच्या पोटी मुलगी जन्मली असती तर जे झालं असतं तेच. आणि तुमचं स्वतःचं जे आहे, ते कुणाला द्यायचं हे ठरवायचा तुमचा अधिकार कुणी काढून घेत नाही. त्यांना हे लगेच आवडलं असं नाही. पण सुनेने लपवलं नाही, हे त्यांना फार महत्त्वाचं वाटलं, आणि पुढची बोलणी त्यानंतरच नीट झाली. माझा मुलगाही त्या वेळी तिथे होता. घरातल्या मुलांनीही हे ऐकावं.

कायद्यातल्या काही गोष्टी वयस्क माणसांना विचित्र वाटतात, त्यांची तयारी ठेवा. आम्हाला मुलगा आहे आणि मुलगी नाही, म्हणून आम्ही या कायद्याखाली मुलगी घेऊ शकतो. मुलगी असती तर दुसरी मुलगी घेता आली नसती. बाप आणि दत्तक मुलगी यांच्यात, किंवा आई आणि दत्तक मुलगा यांच्यात, निदान एकवीस वर्षांचं अंतर लागतं. मुलाचं वय पंधराच्या आत लागतं, रूढी वेगळी असेल तरच सूट. नवरा-बायको दोघांची संमती लागते.

सगळ्यात नेमका प्रश्न आमच्या आजीने विचारला. वकिलांनीसुद्धा त्याचं कौतुक केलं. ‘घेणार तुम्ही. मग देणार कोण? आईबाप तर न्हाईत.’ दत्तकात देणं आणि घेणं दोन्ही प्रत्यक्ष व्हावं लागतं, हे तिला लहानपणापासून माहीत. आईबाप दोन्ही नसतील तर न्यायालयाच्या आगाऊ परवानगीने पालक मूल दत्तक देऊ शकतो, आणि स्वतः पालकही ते मूल घेऊ शकतो. त्या परवानगीसाठी न्यायालय मुलाचं हित बघतं, वयाप्रमाणे मुलाची इच्छा विचारतं, आणि कुणी पैसे घेतले-दिले नाहीत ना याची खात्री करतं. आधी पालकत्व आणि मग दत्तक, असा आमचा क्रम त्यामुळेच. मग तिचं दुसरं : ‘होम कधी?’ कायद्याला दत्तहोम लागत नाही. पण करायचा असेल तर कुणी अडवतही नाही. आमचं ठरलंय की परवानगी आली, कागद झाले, की पोरीला माझ्या ओटीत घालायचं काम आजी करणार. कायद्याच्या दृष्टीने ते घरचं, पण आजीला आपलं काम कळलंय, आणि तेव्हापासून तिच्या बोलण्यातलं ‘तुमचं काय चाललंय’ जाऊन ‘आपलं कुठवर आलं’ आलंय.

सही किंवा अंगठा

पालकत्वाच्या अर्जात न्यायालयाला जवळच्या नातेवाइकांचं म्हणणं हवं असतं, आणि बहुतेक वेळा त्यांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र जोडलं जातं. नव्वदीतल्या माणसाचा अंगठा ‘हितं जरा लाव, कोर्टाचं काम हाय’ म्हणून घेण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे. ती सवय मला अजिबात मान्य नाही. त्या माणसाच्या पणतीचं आयुष्य ठरतंय आणि त्याला कागदावर काय आहे हे माहीत नाही, यात त्याचा मान राहत नाही आणि कागदही कच्चा राहतो.

आम्ही प्रतिज्ञापत्र मराठीत करून घेतलं. वकिलांना घरी बोलावलं. एक परिच्छेद वाचायचा, थांबायचं, आणि आजीने तिच्या भाषेत परत सांगायचं. ‘पोरगी माझ्या नातीकडं ऱ्हानार. जमीन पोरीचीच. माझी काय तक्रार न्हाई.’ तिसऱ्या परिच्छेदाला तिने अडवलं. तिथे ‘सदर अज्ञान मुलीचा सांभाळ करण्यास मी असमर्थ आहे’ असं लिहिलं होतं. ती म्हणाली, ‘असमर्थ कशाला? वय झालंय म्हनून लिव्हा.’ वकिलांनी तिथल्या तिथे वाक्य बदललं, ‘माझे वय झाले असल्याने’ असं केलं, आणि नवीन प्रत काढून आणली. मग तिने चष्मा पुसला, पाट मांडीवर घेतला आणि सही केली, एकेक अक्षर दाबून. शेवटी ‘मला मराठीत वाचून व समजावून सांगितले’ ही ओळ आहे ना, ते तुम्हीही बघून घ्या.

त्या दिवशी माणसाला बरं नसेल, गोंधळ होत असेल, तर काम पुढे ढकला. आणि स्मृतीच गेली असेल तर सही घेऊच नका. वकिलाला तसं स्पष्ट सांगा, तो दुसरा मार्ग काढेल.

बोलताना

सकाळी बोला, चहा-नाष्टा झाल्यावर. तिन्हीसांजेला नव्वदीतली बरीच माणसं थकलेली आणि हळवी असतात. समोर बसा, तोंड दिसू द्या, ओरडू नका. खालच्या पट्टीतला सावकाश आवाज जास्त ऐकू येतो. कानाचं यंत्र असेल तर आधी ते चालू आहे का बघा. एका वेळी एकच माणूस बोलेल, बाकीचे गप्प. फोनवर हे सांगू नका.

वंशावळ काढा. गावाकडे वारस नोंदीमुळे वंशावळ सगळ्यांना ओळखीची असते. मोठ्या कागदावर जाड पेनाने आजोबांपासून पोरीपर्यंत नावं लिहिली, आणि पोरीच्या नावापासून माझ्याकडे एक रेघ ओढली. तिच्या बापाकडे जाणारी रेघ पुसली नाही. आजीने तो कागद भिंतीला लावायला सांगितला.

घरातल्या सगळ्यांनी तीच वाक्यं वापरा. मी ‘पालक’ म्हणायचं, दिराने ‘ताबा’ म्हणायचं आणि जावेने ‘दत्तक झालं’ म्हणायचं, असं झालं की मोठं माणूस बिचकतं आणि आपल्यापासून काहीतरी लपवतायत असं धरून बसतं.

पोरीच्या देखत

मला सगळ्यात जास्त जपावं लागलं ते इथे. जुनी माणसं मायेनेच म्हणतात, ‘बिनआईबापाची पोर’, ‘पोरकी गं माझी बाय’, ‘आत्तीचं उपकार इसरू नको’. त्यांच्या पिढीत दुःख असं बोलून दाखवायचीच रीत होती. पण पोर ऐकते आणि मनात ठेवते. आजीला चारचौघांत टोकायचं नाही. मी तिला एकटीला गाठून सांगितलं, ‘आजी, तू तिला पोरकी म्हणालीस की ती रात्री मला विचारते, मी पोरकी आहे का.’ आजीचा चेहराच उतरला. त्यानंतर ती ‘माझी पणती’ म्हणते. नियम सांगून हे झालं नसतं. पोरीने काय विचारलं ते सांगितल्यावर झालं.

उपकाराची भाषा मात्र मी ठामपणे थांबवली, सासूबाईंचीही. मूल कुणाच्या उपकारात वाढू नये.

पैशाच्या गोष्टी

कोरोनात दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने पाच लाखांची मुदत ठेव जाहीर केली होती, आणि केंद्राच्या योजनेत तेविसाव्या वर्षी दहा लाख आहेत. ही बातमी भावकीत पोचली आणि आजीच्या कानावर आलं की ‘पैशासाठी पोर नेली’. अशा वेळी चिडू नका, कागद दाखवा. केंद्राच्या योजनेतलं खातं पोस्टात असतं, मुलाच्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने. आत्या-काकाला त्याला हात लावता येत नाही. ‘कलेक्टरच्या सहीशिवाय निघत नाही’ एवढं वाक्य आजीला पुरलं, आणि पुढे तिनेच ते भावकीला सुनावलं. नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजनाही आहे, दरमहा २,२५० रुपयांची. त्याची चौकशी जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात करा, आणि मिळाले तर ते कुठे खर्च होतात हे घरातल्या मोठ्यांना, त्यांनी विचारण्याआधीच, सांगा.

विसरतात तेव्हा

आजी कधीकधी संध्याकाळी विचारते, ‘पोरीची आई कवा यायची?’ प्रत्येक वेळी मरणाची बातमी नव्याने देऊ नका. त्यांना ते दुःख पहिल्यासारखंच होतं. मी म्हणते, ‘पोर माझ्याजवळ आहे, जेवली, झोपली.’ बहुतेक वेळा तिला तेवढंच हवं असतं. तिने थेट विचारलं, ‘गेली ना गं?’ तर ‘हो’ म्हणते आणि हात धरून बसते. खोटं सांगत नाही.

इतर घरांत

वर सांगितलेला दत्तकाचा कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख घरांनाही लागू आहे. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी घरांतल्या वडीलधाऱ्यांनी आयुष्यभर फक्त पालकत्वच पाहिलेलं असतं. त्यांना हे सांगा की २०१५ च्या बाल न्याय कायद्याने कुठल्याही धर्माच्या माणसाला नात्यातलं मूल दत्तक घेता येतं. त्यात नातेवाईक म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. अर्ज केंद्राच्या ‘कारा’ या संस्थेच्या पोर्टलवर होतो, जिल्हा बाल संरक्षण कक्ष कागद तपासतो, आणि सप्टेंबर २०२२ पासून आदेश जिल्हाधिकारी देतात. पाच वर्षांवरच्या मुलाची संमतीही लागते. सक्ती कुणावर नाही; ज्यांच्या श्रद्धेत दत्तक बसत नाही त्यांना पालकत्वाची वाट तशीच मोकळी आहे, आणि घरातल्या वयस्क माणसाला हे पहिल्यांदा सांगितलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रियांना आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जाताना आजी-आजोबांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून न्या. ‘देणार कोण’सारखा प्रश्न आपल्याला सुचत नाही, त्यांना सुचतो. वकिलाने दिलेलं उत्तर त्याच पानावर लिहून घ्या, आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर, ते पान त्यांना वाचून दाखवा.